एकतीस मांडण्या

रविवार, ७ फेब्रुवारी १९८२. सकाळचे पावणेदहा. स्थळ: अंबडच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या कामगार कॉलनीचा हॉल. हजर: वस्ती कला मंडळाच्या प्रमुख श्रीमती इंदुमती गांगुर्डे, कॉलनीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष श्री. नाना शिरसाठ, मुंबईहून आलेले शिल्पकार श्री. अविनाश, मंडळाची चिटणीस म्हणून मी, आणि एकतीस मांडण्या.

मांडण्या म्हणजे भांड्यांच्या. स्वयंपाकघरात भिंतीला ठोकतात त्या. दोन लाकडी, सहा पत्र्याच्या, बाकीच्या स्टीलच्या पट्ट्यांच्या. त्यातल्या बहुतेक भांड्यांसकट आल्या होत्या. काही बायकांनी डोक्यावरून आणल्या, काहींनी नवऱ्याला एक टोक धरायला लावलं. एक हातगाडीवरून आली. सगळ्या घासून चकचकीत केलेल्या होत्या.

इंदूताई हॉलच्या दारात उभ्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या. हे असं का झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण ते सांगण्याआधी इंदूताई कोण होत्या ते सांगायला हवं, आणि तेच मला नीट सांगता येत नाही.

त्या मुंबईला चित्रकला शिकल्या. तिथे एका गॅलरीत काही वर्षं नोकरी केली. वडील थकले म्हणून शहात्तर साली नाशिकला परत आल्या आणि आमच्या कॉलनीत, दोन खोल्यांत, वडिलांबरोबर राहू लागल्या. तेवढं सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कोणालाच नाही. आल्यानंतर तीनच महिन्यांत त्यांनी हॉल मागायचा अर्ज केला. अर्ज मी लिहून दिला, कारण कॉलनीत अक्षर बरं असलेली आणि अर्जाला घाबरत नसलेली बाई मीच होते. ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, “क्युरेटर लिहा.”

समितीच्या बैठकीत नानांनी अर्ज मोठ्याने वाचला. नाना ओझरला विमानाच्या कारखान्यात फोरमन. ऑपरेटर, फिटर, टर्नर, वेल्डर हे सगळे त्यांच्या नात्यातले.

“क्युरेटर,” नाना म्हणाले. “म्हणजे कुठल्या मशीनवर?”

“मशीन नाही हो नाना. चित्रं निवडायची, मांडायची, सांभाळायची आणि माणसांना बघायला बोलवायचं.”

“म्हणजे स्टोअरकीपर.”

“जवळपास.”

“मग तसं लिहा की! ह्या आपल्या बाईपण तेच करतात.”

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्सला कारकून होते. त्यामुळे बरेच दिवस मीही तेच धरून चालले. पण माझ्या स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला खण होता आणि प्रत्येक खणाला कार्ड. आठ एमएमचा बोल्ट आठ एमएमच्याच खणात जायचा. इंदूताईंकडे वस्तू कुठे जाणार ते वस्तू आल्यावर ठरायचं आणि दुसऱ्या दिवशी बदलायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या जागी. मी एकदा विचारलं, मग मधले दोन दिवस फुकट गेले का? त्या म्हणाल्या, “नाही. आता ती तिथे मुद्दाम आहे.” मी हे वहीत लिहून ठेवलं आहे. अजून उलगडलेलं नाही.

बांध्याने ठेंगण्या, चष्मा जाड, पदर कायम खोचलेला. चित्र टांगताना ओळंब्यासाठी एक दोरा आणि त्याच्या टोकाला मोठा नट. तो नट मी आमच्या भंगारातून परवानगी घेऊन दिला होता. चित्र टांगलं की त्या न बघता मागे मागे जायच्या. मागे कोण आहे, काय आहे, याची पर्वा नाही. एकदा हॉलच्या पायऱ्यांवरून थेट खाली गेल्या. तेव्हापासून बालवाडीतली पोरं त्यांच्या मागे हात पसरून उभी राहायची, आणि त्या टेकल्या की ओरडायची, “ताई आउट!”

चित्रं त्या फार खाली टांगायच्या. गंगापूर रोडवरची सुशिक्षित मंडळी कधीमधी यायची, त्यांना वाकून बघावं लागायचं. एका गृहस्थांनी तक्रार केली, की मुंबईला चित्रं डोळ्यांच्या रेषेत असतात. इंदूताई म्हणाल्या, “इथेही डोळ्यांच्याच रेषेत आहेत. आमच्या बायकांच्या.”

त्यांनी मंडळ काढलं. सकाळी बालवाडी, दुपारी शिवणवर्ग, संध्याकाळी प्रौढांचा वर्ग, आणि हे सगळं भिंतीवरच्या चित्रांच्या मध्ये. चित्रं त्यांच्या जुन्या ओळखीतून यायची. बडोद्याहून, मुंबईहून, ट्रकमधून, गोधड्यांत गुंडाळून. एकदा एक मोठं चित्र आलं, वरपासून खालपर्यंत काळं. नाना कंपनीच्या बसमधून उतरून डबा हातात घेऊनच आत आले.

“ताई, हे लाईट गेल्यावर काढलंय का?”

“बसा ना, नाना. पाच मिनिटं बघा.”

नाना बसले. दिवसभर उभं राहून आलेला माणूस. पाच मिनिटांनी म्हणाले, “बाजूला निळं आहे थोडं.” आणखी थोड्या वेळाने म्हणाले, “आमचा पहाटेचा स्टॉप असाच दिसतो, बस यायच्या आधी.” मग भानावर आल्यासारखे उठले आणि मला म्हणाले, “पण ह्याला काय अर्थ आहे का, सांगा!” इंदूताईंनी मात्र त्यांची दोन्ही वाक्यं एका कार्डावर लिहून चित्राखाली लावली. चित्रकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत: नाना शिरसाठ, फोरमन. नाना आठवडाभर माणसं आणून ते कार्ड दाखवत होते. चित्र नाही, कार्ड.

मंडळाचा कारभारही तसाच. बैठकीचा अध्यक्ष कोण, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं: सगळ्यात शेवटी येईल तो. त्याला समोरच्या खुर्चीवर बसावं लागायचं आणि बैठक चालवावी लागायची. उशीर करणाऱ्या बायका अध्यक्ष व्हायच्या भीतीने वेळेवर येऊ लागल्या. कोणीतरी शेवटी येणारच, त्यामुळे आळीपाळीने सगळ्यांनी अध्यक्षपद भोगलं. निफाडकडून आलेल्या कौसाबाई पगारे, सही शिकून महिना झालेला, त्याही एकदा सापडल्या. खुर्चीवर बसून त्या पहिलं वाक्य बोलल्या, “आता मी बोलंन, तुमी गप बसा. लय वर्सं उलटं चाललंय.” ठराव झाला एकच, पण इतिवृत्त चार पानं झालं.

इंदूताई स्वतः कधी उशिरा आल्या नाहीत. त्या सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालायच्या. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता हॉलचं. हॉल समितीचा, मंडळाला वापरायला दिलेला. पाच वर्षांत कॉलनी वाढली. लग्नं, बारशी, जावळं, सगळ्यांना जागा हवी. लोक म्हणू लागले, बालवाडी, शिवणवर्ग ठीक आहे, ते कोणाच्या ओट्यावरही होईल. पण ह्या चित्रांसाठी भिंती का अडवून ठेवायच्या? बघायला येतंय कोण? हे खरं होतं. प्रदर्शनाच्या दिवशी गंगापूर रोडचे सात-आठ जण, मुंबईचे दोन, आणि आमच्यापैकी मंडळाच्या बायका, त्या चहा द्यायला. शेवटी एक्याऐंशीच्या डिसेंबरात नाना इंदूताईंकडे आले. त्यांना अवघड झालं होतं.

“ताई, समितीचं म्हणणं असं, की पुढच्या प्रदर्शनाला कॉलनीतली माणसं आली तर हॉल कायमचा मंडळाचा. लिहून देतो. नाही आली, तर होळीनंतर लग्नकार्याला.”

“आली म्हणजे किती?”

“आता ते मी कसं सांगू? दिसेल की.”

इंदूताईंनी मान्य केलं. त्यांना तो हॉल किती हवा होता हे मी सांगू शकते, कारण एरवी बोलता बोलता त्यांचा चहा निवून जायचा; त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना तो गरम असतानाच पिताना पाहिलं.

त्यांनी मुंबईच्या ह्या अविनाशना बोलावलं. अविनाश लोखंडाच्या भंगारातून काम करायचे. गिअर, पत्र्याच्या पट्ट्या, आकडे, साखळ्या, सगळं वायरने छताला टांगलेलं. भंगार अंबडच्याच कारखान्यांतून घेतलेलं. इंदूताईंचा हिशेब असा, की आपल्याच कारखान्याचं लोखंड आहे म्हटल्यावर माणसं येतील. कामाचं नाव होतं ‘मांडणी’.

पत्रकाचा मजकूर त्यांनी मला सांगितला: “‘मांडणी’ हे प्रदर्शन पाहायला सर्वांनी यावे. येताना घरातली एक आवडती वस्तू आणावी. ती आपण घरात कुठे मांडतो आणि का मांडतो, त्याविषयी बोलू.” स्टेन्सिल अर्ध्या पानाचा होता. तारीख, वेळ, पत्ता टाकल्यावर मजकुराला दोन ओळी उरल्या. मी सवयीने आटोपशीर केलं. छापून घरोघर गेलं ते असं: “‘मांडणी’ पाहायला सर्वांनी यावे. येताना घरची मांडणी आणावी.”

तर, सकाळचे पावणेदहा.

अविनाश आदल्या दिवशीच येऊन आपलं काम टांगून झोपायला गेले होते. हॉलच्या मध्यभागी ते लोखंड लटकत होतं आणि चारी भिंतींना बायका मांडण्या लावून उभ्या करत होत्या. नाना मध्ये उभे राहून, “अहो वहिनी, दार सोडा, दार सोडा,” म्हणत होते.

अविनाश धावत आले. “इंदू, हे काय आहे?”

“मांडण्या,” इंदूताई म्हणाल्या.

“ते दिसतंय मला. इथे का आहेत?”

तेव्हा मी पुढे होऊन सांगायला हवं होतं. मी हातातल्या यादीवर एकतीसच्या खाली रेघ मारली.

इंदूताई दारातून आत आल्या. त्या सरळ कौसाबाईंच्या मांडणीसमोर गेल्या आणि खाली बसल्या. कौसाबाईंची मांडणी सगळ्यांत भरगच्च होती. वरच्या ओळीत अकरा डबे, उतरत्या उंचीचे, आरशासारखे.

“कौसाबाई, हे डबे इथे का?”

“मंग कुठं ठिवू?”

“नाही, म्हणजे सगळ्यात वर का?”

कौसाबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. आमच्या कॉलनीत आवाज खाली आणला की दहा बायका जवळ येतात. “रिकामे हायेत ते. भरलेले खाली पत्र्याच्या पेटीत. डाळ-तांदळाचे डबे मळतात ना बाई. रिकामे वर चमकत्यात. पाव्हण्याला काय कळतंय? मी तीस वर्सं तसंच ठिवलंय, मालकालाबी नाय माहीत.”

सगळ्या हसल्या. मग पलीकडची एक जण म्हणाली, “माझ्या तर ताटांच्या मागं भिंतीला भोक आहे.” मग तिसरी सुरू झाली. इंदूताई एकेका मांडणीसमोर बसत होत्या, विचारत होत्या, आणि मी मागून कार्डावर लिहीत होते. दुपारपर्यंत एकतीस कार्डं झाली. अविनाश चिडून जेवायला निघून गेले.

ते परतले तेव्हा आणखी एक गोष्ट झालेली होती. दाटी झाली, वस्तू वाढल्या, तेव्हा बायकांनी मोकळी जागा शोधली. अविनाशांच्या लोखंडाला आकडे होते. त्या आकड्यांना झारे, पळ्या, चिमटे, एक किसणी आणि दोन चाळण्या लटकत होत्या.

अविनाश त्या लोखंडाभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, “इंदू, हे काढायला सांग.”

“तू काढ.”

“मी?”

“हो. ज्या झाऱ्याला हात लावशील त्याची मालकीण इथेच उभी आहे. तिला काय ते सांग.”

त्यांनी हात वर केला. खरंच एक बाई पुढे आल्या आणि काळजीने म्हणाल्या, “वजन होतंय का भाऊ? पडायचं का ते?”

अविनाशांनी हात खाली घेतला. “नाही,” म्हणाले, “पडणार नाही. मी बांधलंय ते.” आणि चारच्या एसटीने मुंबईला गेले, काम तिथेच सोडून. पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं: झारे काढून लोखंड परत पाठवा. पाठवलं. महिन्याने दुसरं कार्ड आलं: तो लांब दांड्याचा झारा कोणाचा होता, मिळू शकेल का? मालकीणबाईंनी नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी कॉलनी लोटली. रविवारी चालू असलेल्या कारखान्यांच्या शिफ्टा सुटल्या तशी माणसं येत गेली. शेजारच्या कॉलन्यांतूनही आली. पुरुष माणसं आपल्याच घरची मांडणी पहिल्यांदा बघावी तशी बघत होती. कौसाबाईंचे मालक अकरा डब्यांखालचं कार्ड शाळेतल्या नातवाकडून वाचून घेत होते. नाना घामाघूम झाले होते आणि चेहरा खुलला होता. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “चिटणीसबाई, जिंकल्या हो तुमच्या ताई. हॉल गेला नाही.”

मलाही तसंच वाटलं. कामाची यादी काढली तर सगळ्यावर खूण झाली होती.

पण पुढच्या शनिवारी नाना समितीचा निरोप घेऊन आले. समिती लिहून द्यायला तयार होती. हॉल मंडळाचा, कायमचा. फक्त दरवर्षी मांडणी स्पर्धा घ्यायची. पहिला, दुसरा, तिसरा नंबर आणि एक उत्तेजनार्थ. सुरुवात ह्याच वर्षापासून, आलेल्या एकतीसमधूनच. परीक्षक इंदूताई.

“नंबर नाही लावता येणार, नाना,” इंदूताई म्हणाल्या.

“का? तुमचं तेच काम ना? निवडायचं?”

“निवडायचं. नंबर लावायचे नाहीत.”

“निवडलं म्हणजे नंबरच लागला की!”

मला वाटतं, नानांचा मुद्दा इंदूताईंना लागला. मलाही तो बरोबरच वाटला आणि अजून वाटतो. त्या एवढंच म्हणाल्या, “आत्ता प्रत्येक बाई सांगतेय, माझं हे इथे का आहे ते. नंबर लागला की पुढच्या वर्षी सगळ्यांचे डबे कौसाबाईंसारखे लागतील.”

“मग पहिला कौसाबाईंचा म्हणायचा का?” नाना पटकन म्हणाले.

“मी असं म्हटलं नाही.”

मंडळाची बैठक बोलावली. सोमवार, संध्याकाळी सहा. विषय एक: समितीची अट मान्य करणे अथवा न करणे. त्या आधीच्या दोन दिवसांत कॉलनीत दुसरा विषय नव्हता. पाणी भरताना, दळणाच्या रांगेत, बायका मला धरून विचारायच्या, “माझा कितवा हो?” कौसाबाईंनी तर दारातच अडवलं.

“ताईला सांगा, नंबर लागला पायजे. नायतर एवढी घासली कशाला?”

“ताई म्हणतात, सगळ्यांच्याच चांगल्या.”

“ते तर शाळेत मास्तरबी म्हणतात. पोरं पास-नापास व्हत्यातच ना?”

सोमवारी सगळ्या वेळेच्या आधी आल्या. अध्यक्ष कोणालाच व्हायचं नव्हतं. सहा वाजले तरी सतरंजी घातलेली नव्हती, कारण इंदूताई आल्या नव्हत्या. सहा वाजून दहा मिनिटांनी त्या आल्या. सगळ्यात शेवटी. नियमाप्रमाणे खुर्चीवर जाऊन बसल्या.

माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि पत्रकाचं सांगून टाकलं. मजकूर मी कापला, चूक माझी, मांडण्या बोलावल्या त्या माझ्या दोन ओळींनी. तेव्हा ह्या प्रकरणाचा भार ताईंवर टाकू नये. मला वाटलं, सगळ्या रागावतील. कोणाला काही वाटलं नाही. कौसाबाई म्हणाल्या, “म्हंजे नुसती वाटी आनायची व्हती? बरं झालं बाई तुमी चुकलात.”

इंदूताई शांतपणे म्हणाल्या, “पत्रक छापायच्या आधी मी वाचलं होतं.”

मी आजही त्या वाक्यापाशी अडते. स्टेन्सिलवर त्यांची सही होती, हे खरं. पण त्या माझ्या हातचा कागद कधी वाचायच्या नाहीत, पेन मागायच्या आणि सही करायच्या, हेही खरं. वाचलं असेल, तर एकतीस मांडण्या त्यांनीच बोलावल्या आणि दारात गप्प उभ्या राहिल्या ते आश्चर्याने नव्हे. वाचलं नसेल, तर बाईंनी माझी चूक भर सभेत स्वतःच्या नावावर घेतली. दोन्हींपैकी कुठलंही धरलं तरी बाकीचा हिशेब जुळत नाही.

मतदान झालं. अट मान्य करावी: चार हात. त्यात माझा होता. हॉल राहतोय, बालवाडी राहतेय, शिवणवर्ग राहतोय, तर नंबराने कोणाचं काय जातं, असा माझा साधा विचार. कौसाबाईंचा हात सगळ्यात वर. मान्य करू नये: चार हात. बरोबरी. निर्णायक मत अध्यक्षांचं.

इंदूताई भिंतींकडे बघत होत्या. मांडण्या परत गेल्या होत्या, भिंतींवर टेकल्याच्या काळ्या खुणा होत्या. त्या म्हणाल्या, “अमान्य.” मग मला म्हणाल्या, “लिहा.” मी लिहिलं.

होळीनंतर हॉल गेला. बालवाडी कौसाबाईंच्या ओट्यावर भरू लागली, शिवणवर्ग माझ्या पुढच्या खोलीत. चित्रं इंदूताईंनी घराघरांत टांगली, महिना-महिना, ज्याला हवं त्याच्याकडे. दोन वर्षं हे चाललं. आमच्याकडेही एक होतं, पिवळं. यजमान रोज त्याच्याकडे पाठ करून जेवायचे आणि ते परत गेलं त्या दिवशी म्हणाले, “भिंत ओकीबोकी झाली.” मंडळाचं काम चाललं होतं की बंद पडलं होतं, अहवालात काय लिहावं, मला कळायचं नाही. चौऱ्याऐंशी साली वडील गेले आणि इंदूताईंना दक्षिणेत कुठल्याशा नव्या संग्रहालयात बोलावणं आलं. एक टेम्पो सामान. त्यात त्यांची स्वतःची मांडणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. चार ताटं, दोन पातेली, काही मुद्दाम नाही.

त्या गेल्यावर मी मंडळाची उरलेली कामं आवरायला घरोघर गेले. कोणाकडे शिलाई मशीन, कोणाकडे सतरंज्या. पहिल्याच घरी त्या बाईंनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “आता सांगायला हरकत नाही. ताईंनी मला खासगीत सांगितलं होतं, माझा पहिला होता.”

दुसऱ्या घरी तेच. त्या आठवड्यात मी बावीस घरं फिरले. नऊ जणींनी मला सांगितलं, की पहिला नंबर त्यांचा होता, ताईंनी तोंडाने सांगितलं, कोणाला बोलू नका म्हणाल्या. त्या नऊ जणींची यादी माझ्याकडे आहे. कौसाबाई त्यात आहेत.

ज्या नंबरांपायी इंदूताईंनी हॉल सोडला, ते त्यांनी गुपचूप नऊ वेळा वाटले? की नऊ बायकांनी प्रत्येकी तेच स्वप्न पाहिलं? त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. ह्या बायकाही नाहीत. शक्य आहे, की त्या प्रत्येकीसमोर बसून असं काही म्हणाल्या असतील, ज्याचा अर्थ आमच्याकडे एकच निघतो.

इकडे समितीने हॉलमध्ये मांडणी स्पर्धा सुरू केली ती चालूच आहे. इंदूताई म्हणाल्या तसंच झालं: आता सगळ्यांचे डबे उतरत्या उंचीचे असतात. पण बायका सजून येतात, हॉल भरतो, आणि नाना म्हणतात, हे ताईंचंच. नानांनी भिंतीवर एक फळा लावून घेतला, हिरव्या रंगाचा, वर ‘मांडणी स्पर्धा, प्रथम क्रमांक’ आणि खाली साल आणि नाव. पहिली ओळ १९८२. तिच्यापुढे नाव नाही.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात इंदूताई एका दिवसासाठी आल्या, कुठूनतरी कुठेतरी जाताना. केस पांढरे झाले होते. मी त्यांना हॉल दाखवायला नेलं. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि न बघता मागे मागे आल्या, माझ्यावर आदळेपर्यंत. मी मनात वाक्य जुळवत होते: ताई, त्या नऊ जणींना तुम्ही खरंच...

“डावीकडे उतरलाय,” त्या म्हणाल्या.

मी स्टूल आणलं. त्यांनी स्वतः चढून फळा वर केला, बोटाने धरून ठेवला, मी खिळा बदलला. खाली उतरून त्यांनी पुन्हा बघितलं, मान डोलावली, घड्याळ बघितलं आणि सीबीएसच्या एसटी स्टँडकडे जाणारी रिक्षा थांबवली. रिक्षातून त्यांनी हात बाहेर काढून काहीतरी खूण केली. अजून थोडा वर, किंवा अच्छा. दोन्हींसाठी त्या हात तसाच करायच्या.

नाना आता निवृत्त झाले आहेत आणि त्यांना वेळच वेळ आहे. दर रविवारी ते मला अडवतात. “चिटणीसबाई, ब्याऐंशीचं नाव द्या. पेंटर थांबलाय. ताईंनी कोणाचा पहिला ठेवला होता, तुम्हाला माहीत असणार.” मी म्हणते, कागद बघून सांगते. यादी कपाटात आहे, नऊ नावांची, आणि ओळीत जागा एका नावाची. ते नाव द्यायचं राहिलं आहे.